न घेतलेली बिदागी

जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलेल्यांनीही या. तिकडं पंख्याचा आवाज फार आणि माझा कमी पोचतो. आज तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्यानं उभ्या आयुष्यात कीर्तनाचा पैसा घेतला नाही, आणि त्या न घेतलेल्या पैशावर सरकारला कर मात्र भरला. आत्ताच हसू नका. हसायचं ठिकाण आलं की तुमचं तुम्हालाच कळेल.

आमचं गाव चिंचदरा. वडूजच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला. पाऊस आमच्याकडं यायचा म्हणून निघतो आणि महाबळेश्वरातच मुक्काम करतो. अर्जुनाबुवा आमच्या गावचे कीर्तनकार. घर मेंढरांचं. पोरवयात कळपामागं कोकणात उतरले होते, तिथं कुठल्याशा देवळाच्या पायरीवर कीर्तन कानावर पडलं, ते डोक्यात शिरलं आणि पुन्हा निघालंच नाही. आवाज मेंढरं हाकारून कमावलेला. सप्ताहात माइक बंद पडला की दुसरे महाराज घाबरतात. बुवांचा बंद पडला की आम्हाला बरं वाटायचं. मी कोंडीबा, त्यांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा. माझ्या आयुष्यात जे काही गोड आहे ते त्या जागेवर उभं राहून मिळालेलं आहे, एवढं सांगतो आणि बाजूला होतो.

बुवांचा एक नियम होता. कीर्तन झालं की गाव पाकीट पुढं करतं, त्याला बिदागी म्हणतात. बुवा त्या पाकिटाला हात लावत नसत. नारळ दिला तर देवापुढं ठेवायचे, टॉवेल-टोपी दिली तर समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगावर घालायचे. गाडीभाडंसुद्धा नाही. आमच्या सप्ताह कमिटीचे अध्यक्ष भाऊसो. ते दर वर्षी पत्रिकेवर ठळक अक्षरात छापायचे, ‘निष्काम कीर्तनकार ह.भ.प. अर्जुनाबुवा’. शेजारच्या गावांचे महाराज गाडीतून यायचे, तारीख देतानाच आगाऊ रक्कम घ्यायचे, त्यामुळं हा ‘निष्काम’ शब्द भाऊसोंना फार प्रिय. गावालाही अभिमान होता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा अभिमान बाळगायला खर्च येत नाही.

सगळं बिघडलं ते हरणाबाईंच्या हप्त्यानं.

हरणाबाई म्हणजे बुवांच्या पत्नी. बायकांच्या खात्यावर महिन्याला सरकारकडून पैसे जमा होतात, तो त्यांचा हप्ता अचानक थांबला. दोन महिने वाट बघितली आणि त्या बुवांचा बटणाचा फोन पिशवीत टाकून शिवतेजच्या सेवा केंद्रात गेल्या. शिवतेज गावातलाच पोरगा, सगळ्यांचे आधार, पॅन आणि सातबारे त्याच्या संगणकातून जातात.

“आज्जी, घरात कुणी टॅक्स भरतं का? तसं असंल तर हप्ता थांबतोय,” शिवतेजनं विचारलं.

“भरतो की. घरपट्टी भरली, पाणीपट्टी राहिलीया.”

“त्यो न्हाई. इन्कम टॅक्स.”

“आमच्यात कोण भरनार बाबा? मेंढरं भरत्यात व्हय?”

मागं रांग होती, रांग हसली. शिवतेजनं बुवांचा पॅन टाकला, फोनवर आलेला आकडा मागून घेतला आणि स्क्रीनकडं बघत राहिला. मग हरणाबाईंकडं बघितलं. मग पुन्हा स्क्रीनकडं.

“आज्जी,” तो म्हणाला, “आबा काय इकत्यात?”

त्यानं आकडा वाचला तो हळू आवाजात. पण रांगेत उभं असलेलं माणूस असल्या वेळी कान पुढं काढतं. संध्याकाळपर्यंत गाव सगळं जाणत होतं. साखर कारखान्याच्या मॅनेजरला वर्षात मिळत नाही एवढी कमाई अर्जुनाबुवांच्या नावावर सरकारदरबारी लागलेली होती. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं.

“पाकीट घेत न्हाईत म्हनं.”

“पाकिटात मावत नसंल, गड्या.”

“निष्काम! लय मोठं निष्काम निघालं रं!”

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी माझा चहा अर्धा ठेवून उठलो आणि बुवांच्या घरी गेलो. बुवा अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांना कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. चेहरा असा, की कुणी तरी त्यांच्याच घराचा पत्ता त्यांना विचारला असावा.

नातीला फोन लावला. नात म्हणजे स्वप्नाली, बुवांच्या मुलाची, धनाजीची लेक. सांगलीत इंजिनिअर झाली, तिथंच एका कंपनीत कामाला आहे. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“स्वप्ने,” बुवा म्हणाले, “आगं, मी काय इकतो?”

मग पोरगी रडक्या आवाजात म्हणाली, “काही नाही आबा. तुमचा आवाज.”

“माजा आवाज इकला?”

“विकला नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. म्हणजे... भाड्यानं दिलाय.”

हरणाबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, “मग घरमालकाला कळवायचं तरी.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरीनं कॉलेजात असताना मोबाइलचं एक ॲप केलं होतं. आबांच्या कीर्तनांतल्या चाली तिनं वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या होत्या. त्या ॲपात आबा चाल म्हणून दाखवतात, मागं टाळ-मृदंग वाजतो, आपण म्हणायचं. सूर हलला की ॲप सांगतं कुठं हलला. मला स्वतःला ते फार आवडलं, पण त्यानं माझा प्रत्येक सूर हलतो असं सांगितल्यावर मी पुढं लावलं नाही. परदेशातली, पुण्याच्या कंपन्यांतली मराठी माणसं ते घ्यायला लागली. आधी फुकट होतं. मग माणसं वाढली, ते चालवण्याचा खर्च वाढला, तसं तिनं महिन्याचं थोडंसं भाडं लावलं.

आणि हे सगळं कुणाच्या नावावर? पोरगी मेंढरांच्या आणि कीर्तनाच्या घरातली. तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं, की अभंग कुणीही गावा, शेवटच्या चरणात नाव येतं ते ज्याचा अभंग त्याचं. आवाज आबांचा, तर नाव आबांचं. म्हणून ॲपच्या दुकानात नोंदणी केली ती आबांच्या नावानं, आबांच्या पॅनवर, आबांच्या वडूजच्या बँकेतल्या खात्यावर. त्या खात्याचं पुस्तक कुणी कधी उघडून बघत नव्हतं. सह्या आणि अंगठे तिनं सुट्टीत घरी येऊन घेतले होते. बुवांनी नातीनं पुढं केलेल्या कागदावर कधी काही वाचलं नव्हतं.

“पैसे येतात ते तुला म्हाईत व्हतं?” बुवांनी विचारलं.

“होतं.”

“मग बोलली न्हाईस ते?”

“तुम्ही पैशाला हात लावत नाही ना आबा. मीही नाही लावला. मला वाटलं, कुणीच हात लावला नाही म्हणजे कुणी घेतलंच नाही.”

नातीनं त्यांचाच नियम त्यांना म्हणून दाखवला होता, फक्त जरा वरच्या पट्टीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो आले. सप्ताह तोंडावर होता आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन बुवांचं, हे आमच्या गावात कुणी ठरवायला लागत नाही. भाऊसो माणूस वाईट नाही. त्यांनी बूट बाहेर काढले, पाणी प्यायले, मग बुवांच्या जवळ सरकले.

“आवं बुवा, मी काय म्हनतो, समदं निस्तरंल. शेतीचं उत्पन्न हाय म्हनून दाखवा. शेतीला माफी हाय.”

“माज्या शेतात जुंधळा बी नीट येत न्हाई.”

“जुंधळा कोण दाखवतंय? डाळिंब दाखवा.”

“माज्यात डाळिंबाचं झाड न्हाई, भाऊसो.”

“ह्या तालुक्यात कागदावर जेवढी डाळिंबं हायत, तेवढी झाडावर कवा हुती? तुमी एकलं कशाला खरं ठरताय?” भाऊसोंनी आवाज खाली घेतला. “आनि काल्याला उभं ऱ्हायला की येक वाक्य बोला. मी पैसा घेतला न्हाई. बास. पत्रिका छापून झाल्यात. गावाच्या नावाचा प्रश्न हाय.”

“आन न्हाई बोललो तर?”

“मग,” भाऊसो उठत म्हणाले, “मग काल्याला दुसरा बुवा बगाय लागंल. माजं काय न्हाई. लोकं इचारनार.”

बघा कशी गंमत आहे. बुवांचा नियम वाचावा अशी सगळ्या गावाची इच्छा होती. फक्त तो वाचायला बुवांनी खोटं बोलायला हवं होतं, देवाच्या पुढं उभं राहून, वीणा गळ्यात घालून.

बुवांनी भाऊसोंना हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मला म्हणाले, “कोंडीबा, सांगलीला जाऊ. पोरीच्या वळखीचा कोन हिशेबवाला हाय त्याला इचारू. खोटं न बोलता ह्यातनं सुटता येतं का बगू.”

हरणाबाई म्हणाल्या, “मी बी येनार. हप्ता माजा बंद झालाय.”

विट्याला गाडी बदलून आम्ही सांगलीत पोचलो. हिशेबवाला म्हणून गेलो तर निघाली हिशेबवाली. संयोगिता नावाच्या सीए बाई, वाळव्याकडच्या उसवाल्या घरातल्या. खाली भडंगाचं, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचं दुकान, वर त्यांचं ऑफिस, त्यामुळं सगळ्या फायलींना लसणाचा वास. स्वप्नाली आधीच येऊन बसली होती, डोळे सुजलेले. बुवांना बघून ती पाया पडायला वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संयोगिताबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग कागद फिरवून बुवांच्या पुढं ठेवला.

“आजोबा, गावात जो आकडा फिरतोय तो वरचा आहे. लोकांनी मोजले ते. त्यातले शंभराला पंधरा ॲपच्या दुकानानं आधीच कापून घेतलेत. ते तुमच्या खात्यात आलेच नाहीत.”

“पंधरा कशाचे?”

“दुकान त्यांचं, जागा त्यांची.”

“देवळातल्या पुजाऱ्यावानी म्हना की.”

“पुजारी एखाद दिवशी विसरतो. हे विसरत नाहीत.” बाईंनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “हा टीडीएस. थोडासाच आहे. पैसे तुमच्याकडं यायच्या आधी मुळातच कापतात आणि सरकारकडं भरतात. त्यामुळंच सरकारला तुमचं नाव कळलं. जीएसटीच्या मर्यादेच्या आत आहात, तो प्रश्न नाही. राहिला आयकर. सूट मिळते ती रेषा तुम्ही ओलांडलीत. रिटर्न भरायला हवा.”

“पर बाई, मी त्या पैशाला हात लावला न्हाई.”

“खात्यात आलं की ते तुमचं, आजोबा. हात लावला का, असा रकाना नसतो.”

“मग पोरीच्या नावावर करा. ॲप तिनं केलंय.”

“मी भरते आबा, सगळं मी भरते,” स्वप्नाली मध्येच म्हणाली.

“पुढचं करू तिच्या नावावर,” बाई म्हणाल्या. “मागचं तुमच्याच पॅनवर लागलंय. मागच्या तारखेचे करार बनवून देणारी माणसं सांगलीत आहेत. मी नाही बनवत.”

बुवांनी खिडकीतून खाली बघितलं. मग एकदम उजळून म्हणाले, “सापडलं! समदं देवळाला देऊन टाका. शेवटचा रुपाया बी. मग माजं काय ऱ्हायलंच न्हाई.”

“देता येईल,” संयोगिताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. “पण आजोबा, दान करायला आधी ती वस्तू तुमची असावी लागते. पहिल्यांदा लिहावं लागेल, की कीर्तनाच्या चालींतून माझं एवढं उत्पन्न झालं. खाली तुमचं नाव. त्यानंतर दान.”

अहो, मी शेकडो कीर्तनं ऐकली. त्यागावर किती ऐकलं असेल त्याचा हिशेब नाही. पण कुणी मला हे सांगितलं नव्हतं, की सोडायचं असेल तर आधी घेतलं म्हणून कबूल करावं लागतं. ते मला भडंगाच्या दुकानावरच्या ऑफिसात कळलं.

बुवांचा चेहरा पडला. डाळिंब लिहिलं तर नियम राहत होता आणि माणूस खोटा ठरत होता. खरं लिहिलं तर माणूस राहत होता आणि नियम मोडत होता.

बाईंना थांबून चालणार नव्हतं. त्यांनी पेन उचललं. “कर उत्पन्नातून खर्च वजा जाता लागतो. ॲप चालवायचा खर्च स्वप्नालीनं दिलाय. त्या चाली ज्या कीर्तनांतून घेतल्या, त्यांचा काही खर्च? प्रवास, जेवण, वाद्यं?”

“काय न्हाई,” बुवा म्हणाले. “मी कुनाकडनं काय घेत न्हाई.”

“घेत नाही ते लिहिलं. खर्च कोण करतं?”

“कोन म्हंजी...” बुवा थांबले. माझ्याकडं बघितलं. “चालतंय समदं. पांडुरंग चालवतोय.”

“व्हय की,” हरणाबाई म्हणाल्या. “माज्या हातनं चालवतोय.”

त्या इतका वेळ दाराजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या, हप्त्याचा विषय निघायची वाट बघत. आता बोलायला लागल्या ते आवाज न चढवता, भाजी निवडावी तसं.

“तुमी पाकीट घेत न्हाई, पर ष्टीवाला तिकीट घेतोय. तुमच्या एकल्याचं न्हाई. कोंडीबा भावजींचं, मृदंगवाल्याचं. येताना पोटाला लागतंय, त्ये बी समद्यांच्या. मृदंगाची पुडी फाटली, नवं कातडं चढवायचं हुतं, तवा एक मेंढी वडूजच्या बाजारात गेली. फलटनच्या सप्त्याला नवं धोतर पाहिजे म्हनला, तवा दोन कोकरं गेली. दुसऱ्या सालाला लोकर गेली. मागल्या साली काय गेलं ते आठवना, पर गेलं.”

“मला वाटायचं धनाजी पाठवतोय,” बुवा हळूच म्हणाले.

“धनाजी त्याच्या घराचं हप्तं भरतोय. तो कवा पाठवनार?”

“मग मला बोलली न्हाईस?”

“तुमी पैशाचं नाव काढलं की हात जोडत हुता. जोडल्याल्या हातावर काय ठिवायचं?” मग त्या संयोगिताबाईंकडं वळल्या. “बाई, मगाशी तुमी काय म्हनला? मुळातच कापत्यात, म्हंजी त्या मानसाला कळत बी न्हाई?”

“हो आजी.”

“तसंच. दर कीर्तनाला.”

संयोगिताबाईंचं पेन कागदावर तसंच थांबलं होतं. त्या म्हणाल्या, “आजी, जरा पहिल्यापासून सांगा. मेंढी खर्चात धरता येते का ते बघते.” आणि त्या खरोखरच बघायला लागल्या.

मेंढीला पावती नव्हती, म्हणून मेंढी काही धरता आली नाही. तिकिटं नव्हती, म्हणून तिकिटं नाहीत. हरणाबाईंनी इतकी वर्षं जे दिलं त्यातलं जवळजवळ काहीच सरकारला मान्य झालं नाही. पण बुवांना झालं. ते बराच वेळ त्यांच्याकडं बघत होते, जणू ही बाई कधी आणि कुठल्या गाडीनं सांगलीला आली हे त्यांना आत्ता समजत होतं. मग ते संयोगिताबाईंना म्हणाले, “लिव्हा. माजंच उत्पन्न हाय. कीर्तनाचं हाय. मी घेतलंय.”

रिटर्न भरला. शेवटी फोनवर आकडे आले, ते बुवांनी चष्मा लावून एकेक मोठ्यानं वाचले, कीर्तनाच्या सुरात, सवयीनं. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. कर, उशिराचं व्याज, सगळं त्याच खात्यातून गेलं.

परत आलो तर भाऊसो एसटी थांब्यावरच उभे.

“काय दाखवलं? डाळिंब?”

“कीर्तन,” बुवा म्हणाले.

“कीर्तन? कागदावर?” भाऊसोंनी डोक्याला हात लावला. “आवं, कीर्तनाचं उत्पन्न आजवर कुठल्या म्हाराजानं दाखवलंय? गाडीतनं येत्यात ते बी न्हाई दाखवत!”

तिथंच उभं राहून त्यांनी विचार केला. दुसरा महाराज इतक्या कमी दिवसांत मिळणार नव्हता, आणि मिळाला तर त्याचा दर कमिटीला झेपणार नव्हता. “असूं द्या,” ते शेवटी म्हणाले. “काल्याला उभं ऱ्हावा. फकस्त हा इषय काडू नका. मी गप, तुमी गप.” आणि दुसऱ्या दिवशी वेशीवरच्या मोठ्या फलकावर ‘निष्काम’ या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. पट्टीवर लिहिलं होतं, ‘सुप्रसिद्ध’.

काल्याचा दिवस. मंडप भरलेला. शेजारच्या झाडाच्या फांदीला हंडी, खाली पोरं. बुवा उभे राहिले आणि आमच्या अंगावर काटा आला, दरवर्षी येतो तसा. गोकुळातल्या पोरांचा काला सांगत होते. प्रत्येकानं आपापली शिदोरी आणली, कुणाची ताकाची, कुणाची शिळ्या भाताची, ती सगळी एकत्र कालवली आणि देवानं आपल्या हातानं वाटली. दरवर्षी इथं बुवा टाळ उंच धरून गजर करायला लावतात. मी टाळ उचलला. बुवांनी नाही उचलला.

“इतकी वर्सं काला सांगितला,” ते म्हणाले. “पोरांनी शिदोऱ्या आणल्या म्हनलं. देवानं वाटल्या म्हनलं. त्या बांधून दिल्या कुनी, हे कवाच सांगितलं न्हाई.”

भाऊसो स्टेजच्या कडेला होते. त्यांनी डोळे मिटले.

“तुमी मला निष्काम म्हनता. मी बिदागी घेतली. दर कीर्तनाला घेतली. तुमच्याकडनं न्हाई, माज्या हरणीकडनं. तिची मेंढरं माज्या कीर्तनात गेली आनि मी तुमची पाकिटं परत करत फिरलो. आता नातीच्या ॲपचं बी आलं, त्ये बी माजं म्हनून लिव्हून दिलं, त्याचा टॅक्स भरला. मी फुकट गात नव्हतो. फकस्त पैसं कोन देतंय ते बघत नव्हतो.”

मग बायकांच्या बाजूनं म्हातारी रंगुबाई, कान कमी आणि आवाज जास्त असलेली, ओरडली, “मग दे की तिचं तिला परत!”

सगळा मंडप हसला. बुवाही हसले, डोळे पुसत. “देतो की, रंगुबाई. सरकारचं देऊन आलोय. आता तिचं.”

तुम्हाला वाटेल, हरणाबाईंना धन्य वाटलं असेल. मला तेच वाटलं होतं. प्रसाद घ्यायला त्या पुढं आल्या तेव्हा मी म्हणालो, “वैनी, आज बुवांनी तुमचं नाव काडलं बगा समद्यांपुढं.”

त्या पानावर काला घेत होत्या. म्हणाल्या, “समद्यांपुढं काडलं. घरात कवा काडलं न्हाई. हितं बोलायला लाऊडस्पीकर लागतोय, तितं नुसतं तोंड लागतंय.”

हे मी जाऊन बुवांना सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं, पागोटं काढून माझ्या हातात दिलं आणि मंडपाकडं पाठ करून घराच्या वाटेला लागले. सत्कारासाठी नारळ घेऊन भाऊसो त्यांना शोधत होते. बुवा घरात काय बोलले ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

पुढचं थोडक्यात. बुवांनी पैसे घेतले हे पंचक्रोशीत पसरलं आणि आमंत्रणं दुप्पट झाली. जो महाराज पैसे घेत नाही तो तेवढ्याच मोलाचा असणार, असं आजवर लोकांना वाटत असावं. वाईच्या आणि खंडाळ्याच्या बाजूच्या ज्या गावांनी कधी विचारलं नव्हतं त्यांनी तारखा मागितल्या. भाऊसो स्वतः दर ठरवायला बसले. हरणाबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “गाडीभाडं, टाळकऱ्यांचं जेवान, आनि मृदंगाची पुडी फाटली तर पुडी. त्याच्या वर एक पै न्हाई. आनि त्ये माज्या हातात.” त्या पैशाच्या पावत्या त्या आता मागून घेतात. ॲप स्वप्नालीच्या नावावर गेलं, पंधरा कापून आलेले पैसे ती आता स्वतःच दाखवते. आणि हरणाबाईंचा सरकारी हप्ता काही पुन्हा सुरू झाला नाही. घरात आता कर भरणारा माणूस आहे ना. बुवा म्हणाले, मी देतो तुला महिन्याला. त्या म्हणाल्या, सरकार बरं हुतं, मागाय लागत नव्हतं.

झालं. आता उठा, पण एक मागणं आहे. कधी कुठं कीर्तनाला बसलात, आवाज चांगला लागला, महाराज काही घेत नाहीत असं कळलं आणि तुमचे हात जोडले गेले, तर ते जोडलेले असतानाच क्षणभर चिंचदऱ्याच्या हरणाबाईंची आठवण काढा. आठवण काढली की तिकडं उचकी लागते म्हणतात. लागू द्या. त्या पाण्याचा घोट घेतील आणि विचारतील, कुनी काडली असंल बाई माजी आठवन? एवढं तरी त्यांच्या खात्यावर जमा होऊ द्या.